गुडघे दुखत असतील तर वर्षानुवर्षं चालेल असा कार्डिओ कोणता निवडावा?

तुम्ही विचारलंय की वय ४५, पळलं की गुडघे दुखतात, तर पुढची वीस वर्षं निभेल असा कोणता कार्डिओ धरावा. मी पणजीचा, वय ४९, माझंही चार वर्षांपूर्वी हेच झालं होतं, रोज ट्रेडमिलवर पळायचो आणि संध्याकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागायचा.

माझं मत सांगतो, व्यायाम निवडताना जुलै महिना डोळ्यासमोर ठेवा. जानेवारीत गोव्यात काहीही जमतं हो, मिरामारला सकाळी चालायला किती गर्दी असते बघा, पण पाऊस लागला की निम्मी माणसं घरी बसतात आणि ते चार महिने गेले की सगळं परत पहिल्यापासून. म्हणून एक बाहेरचा आणि एक छपराखालचा असे दोन प्रकार धरा.

माझा बाहेरचा म्हणजे सायकल. रविवारी रायबंदरच्या कॉजवेवरून जातो, पुढे फेरीबोटीत सायकल घालून दिवाडीला, तिथे सपाट रस्ता आणि गाड्या कमी. पण सुरुवातीला सायकलनेही गुडघा पुढच्या बाजूने दुखायला लागला आणि मी सोडणारच होतो. दुकानातल्या माणसाने नुसतं बघून सांगितलं, सीट खाली आहे. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे मग चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. दोन बोटं सीट वर घेतली आणि पंधरा दिवसांत दुखणं गेलं. गिअर हलका ठेवा, जड गिअरवर जोर काढू नका.

पावसात घरात स्टॅटिक सायकल किंवा स्विमिंग पूल. पोहता येत नसेल तरी कमरेइतक्या पाण्यात चाला, निम्मं वजन पाणीच उचलतं. गुडघा नाजूक असेल तर ब्रेस्टस्ट्रोकची लाथ काहींना त्रास देते, फ्रीस्टाइल बरी. समुद्रात मात्र पावसाळ्यात अजिबात नको.

चालणं तर कुणालाही जमतं, पळताना पायावर वजनाच्या अडीच पटीच्या आसपास धक्का बसतो, चालताना सव्वा पट वगैरे. किनाऱ्यावर चालायचं तर ओहोटीच्या वेळी ओल्या कडक वाळूत, मऊ वाळूत पोटऱ्या भरून येतात, आणि किनारा उतरता असतो त्यामुळे एक पाय कायम खाली पडतो, जेवढं गेलात तेवढंच त्याच वाटेने परत या म्हणजे दोन्ही पायांना सारखं होतं.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला पाहिजे. घड्याळ नसलं तरी चालतं. आणि आठवड्यातून दोन दिवस स्क्वॉट्स, वजनं वगैरे कराच, कारण पोहणं आणि सायकल हृदयाला चांगली असली तरी हाडांवर भार फारसा येत नाही, आणि मांडीचे स्नायू मजबूत असले की गुडघ्याला आधार मिळतो.

तुम्ही सध्या २० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, एवढ्यापासून सुरू करा. गुडघ्याला सूज येत असेल किंवा तो मध्येच अडकत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, सायकल नंतर.