कॅमारोच्या इंजिनासाठी २५,००० डॉलर जास्त द्यावेत का?

सिनसिनाटीहून एका वाचकांनी विचारलंय: शेवरोलेची १९६९ ची स्पोर्ट्स कार, कॅमारो झेड/२८, ८०,००० डॉलरला मिळतेय. इंजिन मूळचंच आहे म्हणून विक्रेत्याने त्या किमतीतच २५,००० जास्त धरलेत. पुरावा म्हणून ब्लॉकवरच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडावरच्या, ३९७००१० या नंबराचा फोटो पाठवलाय. माझं वय ४४, हाताशी ४०,००० आहेत. बाकीचे ४०१(के) मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून, कर्जाऊ काढू का?

नका काढू. निदान त्या फोटोवर तरी नका.

गाडीची ओढ मला समजते. ती जिथे बनायची ते नॉरवूड तुमच्या शहराला लागूनच आहे. पण ३९७००१० हा साच्यातून उठून आलेला नंबर. झेड/२८ च्या ३०२ (घनइंची) इंजिनाला तो होता हे खरं, पण त्याच नंबराचे ब्लॉक शेवरोलेने सत्तरच्या दशकात ३५० इंजिनांसाठी ढिगाने ओतले. ओतल्याच्या तारखेतही गोची आहे. ‘सी ५ ९’ म्हणजे ५ मार्च. पण वर्षाचा एकच आकडा असल्याने तो ९ म्हणजे १९६९ की १९७९?

तुमचे २५,००० ठरतात ते ब्लॉकवर, उजव्या सिलिंडर हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढे असलेल्या बोटभर पट्टीवर. तिथे ‘व्ही०३१२डीझेड’ असं काहीतरी ठोकलेलं हवं: व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०३१२ म्हणजे १२ मार्चची जुळणी, डीझेड म्हणजे ३०२. तिथेच किंवा ऑइल फिल्टरपाशी गाडीच्या व्हीआयएनचा (कारखान्याने दिलेल्या ओळख क्रमांकाचा) भाग हवा. आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी, असा तारखांचा क्रम लागायलाच हवा. विजेरी तिरकी धरा; कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक रेघा पुढून मागे गेलेल्या दिसतील. पट्टी गुळगुळीत असेल तर ती घासली गेलीय. प्रामाणिक दुरुस्तीतही असं होतं, पण मग पुरावा उरत नाही, आणि तुम्ही पैसे पुराव्याचेच देताय. १९६९ च्या व्हीआयएनवरून गाडी झेड/२८ आहे की नाही हे कळत नाही, म्हणून तर ही पट्टी इतकी महत्त्वाची.

कर्जाबद्दल: नोकरी सुटली तर उरलेली रक्कम त्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. नाही जमलं, तर तिच्यावर आयकर आणि तुमच्या वयाला वर १० टक्के दंड. पुढे गाडी तोट्यात विकलीत, तर स्वतःच्या वापराच्या वस्तूवरचा तो तोटा करात वजा होत नाही.

पट्टीचा, ओतल्याच्या तारखेचा आणि व्हीआयएनचा स्पष्ट फोटो आजच मागवा. ते जुळले तर तुम्ही निवडलेला जाणकार पाठवा, विक्रेत्याने सुचवलेला नको. नाही जुळले तर ५५,००० च्या वर जाऊ नका, आणि कमी पडणारे १५,००० पगारातून साठवा. तोवर ही गाडी गेली तर जाऊ द्या.