सी भाषेतले एक्स्टेन्शन मॉड्यूल नवे नाव देऊन पॅकेजच्या आत हलवायचे आहे. जुन्या वापरकर्त्यांचे काही न मोडता ते कसे करावे?

आपण विचारले आहे, की आपल्या मुक्त स्रोत पायथन प्रकल्पातले सी भाषेत लिहिलेले एक एक्स्टेन्शन मॉड्यूल (कंपाइल करून पायथनमधून इंपोर्ट करता येणारा भाग) आजवर सर्वांत वरच्या पातळीवर स्वतंत्र नावाने राहिले आहे. ते आता मुख्य पॅकेजच्या आत, अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या नावाने ठेवायचे आहे, आणि जुन्या नावाने इंपोर्ट करणाऱ्यांचा कोडही चालू राहायला हवा. सोयीसाठी जुन्या मॉड्यूलला ‘सीपार्स’ आणि नव्या जागेला ‘पार्सकिट._कोअर’ म्हणू. फाइल हलवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. कंपाइल होणाऱ्या मॉड्यूलचे नाव मात्र एकाच जागी नसते: ते फाइलच्या नावात असते, मॉड्यूल सुरू करणाऱ्या फंक्शनच्या नावात असते, प्रत्येक टाइपच्या घोषणेत असते, इतर सी मॉड्यूलांना दिलेल्या कॅप्सूलमध्ये (सी पॉइंटर नावासह गुंडाळणाऱ्या पायथन वस्तूत) असते आणि वापरकर्त्यांनी डिस्कवर साठवून ठेवलेल्या फाइलींमध्येही असते. यातली शेवटची जागा आपल्या हातात नाही, म्हणून नियोजन तिच्यापासून सुरू करावे असे मला वाटते.

पिकलच्या (पायथनच्या वस्तू साठवण्याच्या अंगभूत पद्धतीच्या) फाइलीत एखादी वस्तू साठवली जाते तेव्हा तिच्या वर्गाची व्याख्या साठवली जात नाही. मॉड्यूलचे नाव आणि वर्गाचे नाव एवढ्या दोन अक्षरमालाच लिहिल्या जातात. वाचताना पायथन त्या नावाचे मॉड्यूल इंपोर्ट करतो आणि त्यात तो वर्ग शोधतो. सी भाषेतल्या स्थिर टाइपच्या बाबतीत हे मॉड्यूलचे नाव टाइपच्या घोषणेत आपण जे नाव लिहितो त्यातल्या शेवटच्या टिंबाच्या आधीच्या भागातून येते. टिंबच दिले नसेल, तर तो टाइप पिकल करणे अशक्य होते. म्हणजे आपल्या टाइपचे नाव आज ‘सीपार्स.नोड’ असेल, तर लोकांच्या साठवलेल्या फाइलींत ‘सीपार्स’ हा पत्ता आधीच कोरला गेला आहे, आणि आपण केवळ शोधून बदलण्याच्या आज्ञेने ते ‘पार्सकिट._कोअर.नोड’ केले, तर उद्यापासून एक खासगी पत्ता त्यांच्या फाइलींत जाऊ लागेल. पुढच्या वेळी मॉड्यूल हलवताना हेच दुखणे पुन्हा उभे राहील.

यावर माझा आग्रह असा, की टाइपने आपली राहण्याची जागा सांगू नये, आपला सार्वजनिक पत्ता सांगावा. वापरकर्त्याने ज्या पायथन मॉड्यूलमधून तो टाइप घ्यावा अशी आपली इच्छा आहे, तेच नाव घोषणेत लिहावे. येथे ते ‘पार्सकिट.नोड’ होईल. पायथनच्या मानक लायब्ररीत हे उदाहरण समोरच आहे: ‘डेटटाइम’चे सी रूप ‘_डेटटाइम’ नावाच्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये असते, पण त्यातला टाइप स्वतःला ‘डेटटाइम.डेटटाइम’ असेच म्हणवतो, त्यामुळे सी रूपात साठवलेली वस्तू शुद्ध पायथन रूपातही विनातक्रार वाचता येते.

एवढ्याने मात्र सगळे सुटत नाही. वस्तू पुन्हा उभी करण्यासाठी एखादे सहायक फंक्शन सी मॉड्यूलमध्ये असेल, तर पिकलच्या फाइलीत त्या फंक्शनचाही पत्ता जातो, आणि फंक्शनला आपले मॉड्यूल प्रत्यक्ष जागेवरूनच मिळते. नमपाय या आकडेमोडीच्या पायथन लायब्ररीच्या इतिहासात हे अगदी स्वच्छ दिसते. तिथल्या अ‍ॅरेचा टाइप स्वतःला ‘नमपाय’मधला म्हणवतो, पण अ‍ॅरे पुन्हा बांधणारे फंक्शन ‘नमपाय.कोअर.मल्टिअ‍ॅरे’ या आतल्या पत्त्यावर होते, आणि तोच पत्ता जगभरच्या फाइलींत लिहिला गेला. 2019 च्या जानेवारीत आलेल्या 1.16 आवृत्तीत त्यांनी दोन सी मॉड्यूले एकत्र करून ‘_मल्टिअ‍ॅरे_युमॅथ’ केले, तेव्हा जुन्या नावाची एक पायथन फाइल मागे ठेवून त्या फंक्शनचे मॉड्यूल-नाव हाताने जुनेच लावावे लागले. पुढे 2024 मध्ये 2.0 आवृत्तीत ‘कोअर’चे ‘_कोअर’ झाले, आणि नव्या आवृत्तीत लिहिलेल्या फाइली जुन्या आवृत्तीला वाचता याव्यात म्हणून 1.26 च्या मालिकेतही ‘नमपाय._कोअर’ नावाच्या नाममात्र फाइली घालण्यात आल्या. उलट्या दिशेचा हा प्रश्न बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीच्या यंत्रावर उघडणारे लोक नेहमीच असतात. आपल्याकडे असे सहायक फंक्शन असेल, तर ते सरळ सार्वजनिक पायथन मॉड्यूलमध्ये आणावे किंवा त्याचे मॉड्यूल-नाव स्पष्टपणे सार्वजनिक ठेवावे.

आता प्रत्यक्ष नाव बदलण्याकडे येतो. इंटरप्रिटर मॉड्यूलच्या पूर्ण नावातला शेवटचा भाग घेतो आणि ‘पायइनिट_’ या उपसर्गापुढे तो जोडून त्या नावाचे फंक्शन बायनरीत (कंपाइल झालेल्या फाइलीत) शोधतो. मॉड्यूल केवळ पॅकेजच्या आत हलवले आणि शेवटचा भाग तोच ठेवला, तर या फंक्शनला हातही लावावा लागत नाही. आपल्या बाबतीत शेवटचा भागही बदलतो आहे, म्हणून ते ‘पायइनिट__कोअर’ होईल, मध्ये दोन अंडरस्कोर येतील. यात एक कमी पडला, तर मॉड्यूल बिनबोभाट बांधले जाते आणि इंपोर्ट करताना, निर्यात फंक्शन परिभाषित नसल्याची इंपोर्ट-त्रुटी येते. बांधणीच्या व्याख्येतले पूर्ण नाव, मॉड्यूलच्या व्याख्येतले नाव, टाइप-सूचनांच्या स्टब फाइली आणि सी कोडमध्ये अक्षरमालेच्या रूपात केलेले इंपोर्ट हेही त्याच वेळी बदलावे. चाचणीत खऱ्या वस्तूच्या जागी नकली वस्तू बसवणाऱ्या मॉकच्या पॅचमध्ये आणि लॉगिंगच्या संरचनेत नावे अक्षरमालाच असतात, संपादकाच्या नाव बदलण्याच्या सोयीला ती दिसत नाहीत. तिथे साधा मजकूर-शोधच उपयोगी पडतो.

आपल्या मॉड्यूलमधून इतर सी एक्स्टेन्शनना कॅप्सूलद्वारे फंक्शने दिली जात असतील, तर तिथे एक कडक नियम आहे. कॅप्सूल मागणारा कोड पूर्ण नाव देतो, आणि ते नाव कॅप्सूलमध्ये साठवलेल्या नावाशी अक्षरशः जुळले नाही तर कॅप्सूल अवैध ठरते. त्यामुळे जुन्या मॉड्यूलच्या नावाखाली नवे कॅप्सूल ठेवून भागत नाही. त्याच पॉइंटरवर दोन कॅप्सूल तयार करावीत, एकात नवे नाव आणि दुसऱ्यात जुने, आणि जुने कॅप्सूल जुन्या नावाच्या फाइलीतून त्याच जुन्या गुणधर्म-नावाने उपलब्ध करावे. जुन्या हेडरवर कंपाइल झालेल्या बायनरी आपल्याला न विचारता चालू असतात. त्यांच्यासाठी ही दोन ओळींची तजवीज पुरते.

जुन्या नावाने काय ठेवायचे, याचे उत्तर एक लहान पायथन फाइल हेच आहे. त्याच सी स्रोतातून दोन नावांनी दोन बायनरी बांधण्याचा मोह टाळावा, कारण मग स्थिर चल दोन, टाइप दोन, आणि एका मॉड्यूलचा नोड दुसऱ्याला दिला की ‘नोड अपेक्षित होता, नोड मिळाला’ अशा अर्थाचा संदेश वाचत बसण्याची वेळ येते. पायथन फाइलीत दोन मार्ग आहेत. पहिल्यात फाइल नव्या मॉड्यूलमधली नावे आणून वर एक इशारा देते. पण मॉड्यूल एका प्रक्रियेत एकदाच चालते आणि मग स्मृतीत राहते, म्हणून पहिल्या इंपोर्ट करणाऱ्याला इशारा मिळतो आणि बाकीच्यांना कळतही नाही. दुसऱ्या मार्गात पायथन 3.7 पासून मिळालेली मॉड्यूल-पातळीवरची ‘गेटअ‍ॅट्र’ची सोय वापरावी, जी पेप 562 (पायथनमधल्या बदलांच्या प्रस्ताव-दस्तऐवजांपैकी एक) मध्ये आहे, तीत नाव मागितले जाईल तेव्हा इशारा देता येतो आणि स्टॅकलेव्हल दोन ठेवले की तो मागणाऱ्याच्या ओळीकडे बोट दाखवतो. मी दुसरा मार्ग निवडेन. मात्र पिकल वाचतानाही याच वाटेने जावे लागते, आणि जुनी फाइल उघडणाऱ्या बिचाऱ्याला त्या इशाऱ्यावर काहीच करता येत नाही, म्हणून साठवल्या जाणाऱ्या वर्गांची नावे या यंत्रणेबाहेर, साध्या नेमणुकीने, विनाइशारा ठेवावीत.

इशाऱ्याच्या प्रकाराबद्दलही सांगतो. ‘डेप्रिकेशनवॉर्निंग’ हा प्रकार मूळ प्रोग्रामच्या फाइलीखेरीज इतरत्र उमटला, तर पायथन तो आपणहून दाखवत नाही, पायटेस्ट हे चाचणी-साधन दाखवते. लायब्ररी लिहिणाऱ्यांपर्यंत पोहोचायचे असेल तर हा प्रकार योग्य आहे, अखेरच्या वापरकर्त्याला सावध करायचे असेल तर ‘फ्यूचरवॉर्निंग’ लागेल. मी पहिल्या प्रकारापासून सुरुवात करेन आणि काढून टाकण्याच्या आधीच्या आवृत्तीत दुसऱ्यावर जाईन.

आता एक अशी गोष्ट, जिच्यामुळे चाचण्या खोट्या हिरव्या दिसतात. नाव बदलले तरी आधी बांधलेली जुनी बायनरी विकासकाच्या फोल्डरमध्ये तशीच पडून असते. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट तिच्याकडे दुर्लक्ष करते, कारण ती दुर्लक्ष-यादीत असते. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाची बायनरी आणि पायथन फाइल असेल, तर इंपोर्टची यंत्रणा आधी बायनरी शोधते आणि पायथन फाइल नंतर. म्हणजे आपण काळजीपूर्वक लिहिलेली जुन्या नावाची फाइल आपल्याच यंत्रावर कधी चालतच नाही. तिच्याऐवजी जुने मॉड्यूल, जुन्या टाइपसह, निमूटपणे भरले जाते. उपाय असा: नव्याने क्लोन केलेल्या प्रतीतून व्हील (बसवायला तयार पॅकेज-फाइल) बांधावे, ते कोऱ्या आभासी परिसरात बसवावे आणि चाचण्या स्रोत-फोल्डरच्या बाहेर उभे राहून चालवाव्यात. जुन्या आवृत्तीने लिहिलेल्या दोन-चार पिकल फाइली रिपॉझिटरीत ठेवून त्या वाचण्याची चाचणीही याच वेळी जोडावी. पुढे मला सर्वाधिक विश्वास त्या चाचणीवर वाटेल.

जुने मॉड्यूल पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारात) वेगळ्या नावाचे स्वतंत्र वितरण असेल, तर नियोजन थोडे बदलते. तिथे प्रकल्पाचे नाव बदलता येत नाही, नवे नाव म्हणजे नवा प्रकल्पच. अशा वेळी ‘सीपार्स’ नावाची फाइल नव्या वितरणात घालू नये, कारण दोन वितरणे एकाच जागेवर हक्क सांगू लागतात आणि वर सांगितल्याप्रमाणे जुनी बायनरी नव्या फाइलीवर मात करते. जुन्या वितरणाची एक शेवटची आवृत्ती काढावी, तीत फक्त ही लहान फाइल आणि नव्या वितरणावरचे अवलंबित्व असावे.

एकाच कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या एका नोंदीत) सगळे करावे का, असेही आपण विचारले आहे. गिट नावबदल नोंदवत नाही, तो दोन अवस्था ताडून नंतर ओळखतो, आणि त्यासाठी पूर्वनिर्धारित मर्यादा 50 टक्के साम्याची आहे. फाइल हलवणे आणि तिच्यातले फंक्शन-नाव बदलणे एवढे एकाच कमिटमध्ये असले तरी साम्य सहज टिकते, आणि प्रत्येक कमिटला बांधणी यशस्वी राहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पण त्याच कमिटमध्ये इंडेंटेशन सुधारणे, फाइलचे दोन तुकडे करणे, जुनी मॅक्रो काढणे हे उद्योग केले, तर इतिहासाचा धागा तुटतो आणि जुन्या शाखेवर दुरुस्त्या नेताना हाताने जुळवाजुळव करावी लागते. आपल्या प्रकल्पात सगळे कमिट एकत्र दाबून विलीन करण्याची पद्धत असेल, तर वेगवेगळे कमिट केल्याचा उपयोग राहत नाही. हलवण्याचा बदल आणि सुधारणांचा बदल यांच्यासाठी दोन स्वतंत्र पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) कराव्यात.

जुने नाव किती काळ ठेवावे, याला सीपायथनच्या (पायथनच्या मूळ अंमलबजावणीच्या) स्वतःच्या धोरणात, म्हणजे पेप 387 मध्ये, किमान दोन आवृत्त्यांची अट आहे, पण व्यवहार त्याहून सैल असतो. अमूर्त संग्रह-वर्ग 2012 मध्ये पायथन 3.3 मध्ये ‘कलेक्शन्स.एबीसी’त हलवले गेले आणि जुनी नावे 2021 मध्ये 3.10 मध्ये गेली. याउलट सायकिट-लर्न या मशीन लर्निंग लायब्ररीने आतला ‘एक्स्टर्नल्स.जॉबलिब’ हा पत्ता 0.21 मध्ये कालबाह्य ठरवून 0.23 मध्ये काढला, आणि त्या पत्त्यावर अवलंबून साठवलेली प्रारूपे नव्या आवृत्तीत उघडेनाशी झाली. आपल्या प्रकल्पासाठी मी दोन मुदती ठरवेन: कोडमधून होणाऱ्या इंपोर्टसाठी दोन मोठ्या आवृत्त्या, आणि साठवलेल्या फाइलींत जाणाऱ्या वर्गांच्या जुन्या पत्त्यासाठी कोणतीही मुदत नाही. त्या नावांची फाइल दहा-बारा ओळींची राहील आणि तिच्या माथ्यावर, ती का काढू नये हे सांगणारी टिप्पणी लिहून ठेवावी, नाहीतर एखादा उत्साही नवा योगदानकर्ता मृत कोड समजून ती काढण्याची पुल रिक्वेस्ट हमखास पाठवतो.