एकाच जुन्या मसल कारची (मोठ्या इंजिनाच्या दमदार अमेरिकी गाडीची) हॉर्सपॉवर अमेरिकेतल्या डेन्व्हरला कमी आणि समुद्रकाठी जास्त का भरते?

फरक हवेच्या घनतेचा. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंप) नसलेलं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन जेवढा ऑक्सिजन ओढेल तेवढंच पेट्रोल नीट जाळतं. डेन्व्हर सुमारे १,६०० मीटर उंचीवर. तिथल्या विरळ हवेत ताकद साधारण १५ ते १७ टक्के घटते. कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) समुद्रसपाटीला जुळवलेला असेल तर पेट्रोल जास्त पडून आणखी मार बसतो. उष्मा आणि दमटपणाही ताकद खातात, पण एवढी नाही.

डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद हातात आला की आधी विचारा, करेक्शन, म्हणजे मोजलेला आकडा ठरावीक हवामानावर आणणारा हिशोब, कुठलं लावलंय? एसएई जे१३४९ या मानकात हवेचं तापमान २५ अंश सेल्सिअस धरतात, एसटीडी या जुन्या मानकात साधारण १५.५, शिवाय हवेचा दाबही जास्त. त्यामुळे तीच गाडी एसटीडीवर ४ टक्क्यांच्या आसपास जास्त दाखवते. दोन गाड्यांची तुलना करताना करेक्शन एकच हवं.