वडिलांना टाइप टू मधुमेह निघालाय, पण ते कुणालाच सांगू देत नाहीत. अशा रुग्णांच्या गटाचा खरंच उपयोग होतो का? गट शोधायचा कसा?

होतो. 'कुणाला सांगू नका' हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्या घरात हे वाक्य थोरल्या भाऊजींचं. मला शुगर निघाली तेव्हा लेकीसाठी स्थळं बघत होतो. "बाहेर कळलं तर स्थळं परत जातील," म्हणाले. मी ऐकलं. ग्लुकोमीटर साड्यांच्या घड्यांमागे ठेवला.

मग एका संकष्टीला सकाळची ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी नेहमीसारखी घेतली आणि दिवसभर कडक उपास. चारच्या सुमारास हात थरथरायला लागले, घामानं चिंब झाले, जीभ जड. घरचे म्हणाले, पित्त खवळलंय, पडून राहा. नशिबानं आमराईत माझ्याबरोबर चालायला येणाऱ्या काकू आल्या. त्यांची शुगर बारा वर्षांची. दारातूनच म्हणाल्या, "गोळी घेऊन उपास केलास ना?" तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, मग मीटर मागितला. शुगर 54, फारच कमी! पंधरा मिनिटांनी 82. घरातली चार माणसं माझ्यावर जीव टाकणारी, पण ओळखलं ते काकूंनी, कारण त्यांनी ते अंगावर काढलं होतं.

या काकू मला भेटल्या लॅबच्या बाकावर. उपाशीपोटीचं रक्त दिलं की जेवणानंतरच्या तपासणीपर्यंत दोन तास जातात, तेव्हा शेजारी बसलेले सगळे आपल्यातलेच असतात. बाबांना तिथं एकटं बसू द्या, मोबाइल हातात देऊ नका. डॉक्टरांनाही विचारा, कुणाकुणाकडे रुग्णांची बैठक भरते. कारल्याच्या रसाचे मेसेज फिरवणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपला मी आधार म्हणत नाही.

आणि लग्नाचं म्हणाल तर विहीणबाईंनाच मधुमेह आहे. पहिल्याच भेटीत आम्ही दोघी पायांना येणाऱ्या मुंग्यांवर तासभर बोललो. भाऊजी तिथंच बसले होते. देशात दहा कोटींहून जास्त लोकांना आहे हे, लपवायचं कुणापासून?

एक राहिलं. गटात कुणी सांगितलं म्हणून गोळी कमी-जास्त करायची नाही, ते डॉक्टरांनाच विचारायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात साखर घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. आणि बाबांच्या गोळ्यांनी शुगर माझ्यासारखी फार खाली जाऊ शकते का, हे आजच विचारून घ्या. सगळ्याच गोळ्यांनी तशी जात नाही.