विधवा प्रथा बंदीच्या ठरावाने गावात खरंच काही बदललं का?

आमच्या गावापुरतं सांगतो. बदललं, पण ठरावात लिहिलंय तसं नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधी, ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. पाठोपाठ माणगावने केला. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आमच्या गावानेही गिरवला. टाळ्या झाल्या, फोटो झाले, वही कपाटात गेली.

गेल्या पावसाळ्यात माझे चुलते वारले. तिरडी बांधून झाली होती, पाऊस थांबायची वाट बघत होतो. तेवढ्यात भावकीतल्या दोन म्हाताऱ्या चुलतीला धरून पुढं आल्या, एकीच्या हातात दगड. आम्ही पुरुष अंगणात खाली मान घालून उभे. त्यात मीही होतो, आणि ठरावाला हात वर करणाऱ्यांतही मीच होतो.

चुलतबहीण मध्ये पडली. "हात लावायचा न्हाई. पंचायतीचा ठराव हाय, दंड भरावा लागंल."

दंडाचं साफ खोटं होतं. ठरावात दंड नाही, आणि ग्रामसभेचा ठराव म्हणजे काही कायदा नव्हे. पण म्हातारी थबकली. दगड उंबऱ्याशी ठेवला आणि म्हणाली, "सरकारच न्हाई म्हणतंय तर आपण कशाला?" मला तर वाटलं, तिलाही सुटल्यासारखं झालं. चाळीस वर्षांपूर्वी तिच्याही बांगड्या अशाच फुटल्या होत्या.

तेव्हा माझ्या मते ठरावाचा खरा उपयोग एवढाच: 'नको' म्हणायचं मनात असणाऱ्याला बोट दाखवायला काहीतरी मिळतं. ज्याच्या मनातच नाही, त्याला ठरावाची आठवणही होत नाही. त्यानंतर गावात झालेल्या दोन मयतांत सगळं जुन्यासारखंच झालं.

आणि अंगणातली ती दहा मिनिटं त्या मानाने सोपी. अवघड पुढचं. संक्रांतीला अंगणवाडीच्या सेविकेनं हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना बोलावलं, चुलतीलाही. ती गेली. सेविकेनं कुंकू लावलं, आणखी एकीनं लावलं, बाकीच्यांना एकदम वाण मोजायची घाई झाली. चुलती स्टीलची वाटी घेऊन घरी आली. वाटी अजून फळीवर पालथी आहे, वापरत नाही. जोडवी तिनं स्वतःच काढली, बोटं सुजतात म्हणून. खरं कारण कुणी विचारलं नाही.

शब्दांचीही गंमत बघा. २०२३ च्या एप्रिलमध्ये मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावं असं सुचवलं. पत्रिकेतलं जुनं 'गं. भा.'च ते! टीका झाली तेव्हा नुसती चर्चा होती म्हणून विषय मिटवला.

आता चुलतभावाचं लग्न ठरलंय. देवकाला कोण बसणार, यावर घरात अजून कुणी तोंड उघडलेलं नाही. पत्रिकेचा मजकूर छापखान्यात देताना मालकानं सवयीनं 'गं. भा.' टाकलं होतं. बहिणीनं खोडून 'सौ.' लिहिलं, चुलतीनं तेही खोडलं आणि म्हणाली, "नुसतं नाव घाल की."

तसंच छापलंय.