वाचकांचे प्रश्न : एकाच इमेजवरून कॅशेचे अनेक सर्व्हर

प्रश्न : आम्ही सार्वजनिक क्लाउडवर एक सर्व्हर घेऊन त्यावर रेडिस (वारंवार लागणारी माहिती मेमरीत ठेवणारे, म्हणजे कॅशेचे सॉफ्टवेअर) बसवले, क्लस्टर पद्धत (अनेक सर्व्हरनी मिळून काम करण्याची) चालू केली, दोन दिवस चाचणी घेतली आणि सर्व ठीक दिसल्यावर त्याच सर्व्हरची इमेज (डिस्कची जशीच्या तशी प्रत) तयार केली. त्या इमेजवरून आता सहा सर्व्हर सुरू केले आहेत. प्रत्येक सर्व्हर स्वतंत्रपणे नीट उत्तर देतो. एका सर्व्हरला दुसऱ्याशी जोडणारी ‘क्लस्टर मीट’ ही आज्ञा दिली की ‘ओके’ असेही येते. परंतु नोडच्या (क्लस्टरमधील सर्व्हरच्या) यादीत प्रत्येक सर्व्हर एकटाच राहतो. फायरवॉलमध्ये ६३७९ हे पोर्ट उघडलेले आहे. चूक कोठे आहे?

उत्तर : चाचणी घेतलेल्या चालू सर्व्हरचीच इमेज काढली, हे आपण लिहिले आहे आणि बहुधा तेथेच अडचण आहे. क्लस्टर पद्धतीत रेडिस पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ते स्वतःसाठी ४० अक्षरांची एक ओळख तयार करते आणि ती आपल्या डेटाच्या फोल्डरमधील एका फाइलमध्ये लिहून ठेवते. या फाइलचे नाव बदललेले नसेल तर ते ‘नोड्स डॉट कॉन्फ’ असते. पुढे सर्व्हरचा पत्ता बदलला तरी ही ओळख बदलत नाही, कारण नोड एकमेकांना पत्त्यावरून नव्हे, या ओळखीवरून ओळखतात. आपण इमेज काढली तेव्हा ही फाइल तिच्यात गेली आणि सहाही सर्व्हर एकच ओळख घेऊन उठले. एका नोडने दुसऱ्याशी संपर्क साधला की समोरून त्याची स्वतःचीच ओळख परत येते, हा नोड आपल्याला आधीच माहीत आहे असे तो ठरवतो आणि नवी नोंद काढून टाकतो. ‘ओके’ या उत्तराचा अर्थ आज्ञा स्वीकारली एवढाच आहे. प्रत्यक्ष भेट त्यानंतर होते आणि ती फसली तर आज्ञा देणाऱ्याला कोणीही कळवत नाही.

मात्र अगदी अशीच लक्षणे आणखी एका कारणाने दिसतात. क्लस्टरमधील नोड आपापसांत बोलण्यासाठी मुख्य पोर्टमध्ये १०,००० मिळवून येणारे पोर्ट, म्हणजे आपल्या बाबतीत १६३७९, वापरतात. आपण फक्त ६३७९ चा उल्लेख केला आहे, त्यामुळे हेही तपासून घ्यावे. दोन कारणांतील फरक एका मिनिटात कळतो. कोणत्याही दोन सर्व्हरवर ‘क्लस्टर मायआयडी’ ही आज्ञा द्यावी. उत्तर अक्षरशः एकच आले तर ओळखीचा घोटाळा आहे. वेगळे आले तर पोर्टकडे वळावे.

चालू असलेल्या सहा सर्व्हरपुरता उपाय सोपा आहे. त्यांपैकी पाचांवर ‘क्लस्टर रीसेट हार्ड’ ही आज्ञा दिली की प्रत्येकाला नवी ओळख मिळते. मुख्य नोडमध्ये एखादी जरी नोंद शिल्लक असली तरी ही आज्ञा नाकारली जाते, म्हणून त्याआधी डेटा रिकामा करावा लागतो. कॅशेचा डेटा असा रिकामा करताना मनात धाकधूक होत असेल, तर त्या डेटाची मूळ प्रत दुसरीकडे खरोखर आहे की नाही, हे आधी पाहावे. ज्याची मूळ प्रत नाही तो कॅशे नव्हे, आणि त्याची रचना वेगळ्या पद्धतीने करावी लागते.

खरे काम इमेज नव्याने करण्याचे आहे. इमेजमध्ये सॉफ्टवेअर, त्याची ठरलेली आवृत्ती आणि सर्व सर्व्हरना समान असलेली सेटिंग्ज एवढेच असावे. ज्या गोष्टीमुळे एक सर्व्हर दुसऱ्याहून वेगळा ठरतो, म्हणजे ओळख, पत्ता, पासवर्ड आणि साठवलेला डेटा, ती इमेजमध्ये राहू देऊ नये. ओळख रेडिस स्वतःच तयार करते; पत्ता आणि पासवर्ड सर्व्हर प्रथम सुरू होताना क्लाउड-इनिटसारख्या साधनाने द्यावेत. साठवलेला डेटा मी मुद्दाम वेगळा सांगत आहे. रेडिसची डम्प फाइल (मेमरीतील डेटाची डिस्कवरील प्रत) इमेजमध्ये राहिली तर प्रत्येक नवा सर्व्हर सुरू होताना तीच वाचतो. मुदत संपलेल्या नोंदी वाचताना गळून जातात, परंतु ज्या नोंदींना मुदतच दिलेली नाही, त्या इमेज काढल्या दिवशीच्या मूल्यांसह जिवंत होतात, आणि कित्येक महिन्यांपूर्वीची माहिती वापरकर्त्याला अधूनमधून का दिसते हे शोधण्यात दिवस जातात.

साफसफाईचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी सेवा थांबवावी आणि मगच फाइली पुसाव्यात. ठरावीक काळाने डेटा साठवण्याची सोय चालू असेल तर रेडिस थांबताना डम्प फाइल पुन्हा लिहिते. म्हणजे उलट क्रमाने काम केले तर आपण नुकतीच पुसलेली फाइल इमेजमध्ये हजर असते. ‘नोड्स’ची फाइल, डम्प आणि ‘अपेंड ओन्ली’ फाइली (प्रत्येक लेखन टिपून ठेवणाऱ्या) काढल्यावर, सेवा पुन्हा सुरू न करता, लगेच इमेज घ्यावी.

प्रश्न : एकच इमेज आम्ही ४ जीबी आणि ३२ जीबी अशा दोन्ही आकारांच्या सर्व्हरवर चालवतो. ‘मॅक्समेमरी’ (रेडिसने वापरायच्या मेमरीची कमाल मर्यादा) किती ठेवावी?

उत्तर : इमेजमध्ये ठरावीक आकडा लिहूच नये. सर्व्हर सुरू होताना त्याची एकूण मेमरी पाहून आकडा काढणारी चार ओळींची स्क्रिप्ट पुरेशी होते. सुरुवातीला एकूण मेमरीच्या साधारण ६० ते ७० टक्के एवढी मर्यादा मी ठेवीन. उरलेली जागा वाया जाते असे समजू नये. डेटा डिस्कवर साठवताना, तसेच नव्या प्रतिकृतीला संपूर्ण डेटा पाठवताना, रेडिस स्वतःची एक दुसरी प्रक्रिया निर्माण करते. त्या काळात जेवढे नवे लेखन होते तेवढ्या मेमरीच्या पानांच्या प्रती तयार होतात आणि वापर अचानक वाढतो.

येथे मूळ सेटिंग्ज आपल्या मदतीला येत नाहीत. ६४ बिटच्या यंत्रणेवर रेडिसला मुळात कोणतीही मर्यादा नसते, त्यामुळे मेमरी संपली की लिनक्सचे कर्नल सरळ ती प्रक्रिया बंद पाडू शकते. नुसती मर्यादा घातली आणि जुन्या नोंदी काढण्याचे धोरण बदलले नाही, तर ‘नोइव्हिक्शन’ हे मूळ धोरण लागू राहते आणि कॅशे भरल्यावर प्रत्येक नवे लेखन त्रुटी देऊन परत येते. निव्वळ कॅशेसाठी ‘ऑलकीज-एलआरयू’ (बराच काळ न वापरलेल्या नोंदी आधी काढणारे) किंवा ‘ऑलकीज-एलएफयू’ (कमी वेळा वापरलेल्या नोंदी आधी काढणारे) धोरण निवडावे.

प्रश्न : आम्ही मेमकॅशडीचे (रेडिससारख्याच कॅशेच्या सॉफ्टवेअरचे) चार सर्व्हर चालवतो. भार वाढला की त्याच इमेजवरून पाचवा सर्व्हर आपोआप सुरू व्हावा अशी व्यवस्था केली. पाचवा सर्व्हर आला आणि भार हलका होण्याऐवजी मागचा डेटाबेसच कोलमडला. असे का व्हावे?

उत्तर : ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळासाठी मेमकॅशडी लिहिले तेव्हापासून त्याची एक गोष्ट कायम आहे : त्याच्या सर्व्हरना एकमेकांचे अस्तित्वच ठाऊक नसते. कोणती नोंद कोणत्या सर्व्हरवर जाईल हे ॲप्लिकेशनमधील क्लायंट लायब्ररी ठरवते. साध्या पद्धतीत ती नोंदीच्या नावाचा हॅश (नावावरून गणिताने मिळणारा आकडा) काढते, त्याला सर्व्हरच्या संख्येने भागते आणि बाकी उरेल त्या क्रमांकाचा सर्व्हर निवडते. भाजक ४ वरून ५ झाला की दोन्ही वेळा तीच बाकी फक्त २० टक्के नोंदींच्या बाबतीत येते. उरलेल्या ८० टक्के नोंदी ॲप्लिकेशन भलत्याच सर्व्हरवर शोधू लागते आणि तेथे काही न सापडल्याने ते सर्व प्रश्न एकदम डेटाबेसकडे जातात. आपली पाचव्या सर्व्हरची व्यवस्था भार वाढल्यावरच जागी होते, म्हणजे नेमक्या सर्वांत वाईट वेळी.

यावर सुसंगत हॅशिंगचा उपाय आहे. डेव्हिड कार्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत चाराचे पाच सर्व्हर केले तर सरासरी पाचव्या हिश्शाइतक्याच नोंदी जागा बदलतात. बहुतेक क्लायंट लायब्रऱ्यांमध्ये ती ‘केटामा’ या नावाने मिळते. ती मुद्दाम चालू करावी लागते का, हे आपल्या लायब्ररीत पाहून घ्यावे. (रेडिस क्लस्टरने हाच प्रश्न १६,३८४ ठरावीक कप्पे (स्लॉट) करून आणि ते नोडमध्ये वाटून सोडवला आहे.)

सर्व्हरची यादी सर्व ॲप्लिकेशन सर्व्हरवर सारखीच आणि शक्य तितक्या एकाच वेळी बदलली पाहिजे, याकडेही लक्ष द्यावे. अर्ध्यांकडे जुनी आणि अर्ध्यांकडे नवी यादी असेल, तर एक जण नव्या सर्व्हरवरील नोंद पुसतो आणि दुसरा जुन्या सर्व्हरवरून तीच नोंद शिळ्या मूल्यासह वाचत राहतो. माझ्या मते कॅशेचे सर्व्हर आपोआप कमी-जास्त करूच नयेत. वेबच्या सर्व्हरला जो नियम शोभतो तो येथे लागू पडत नाही, कारण येथे बंद केलेल्या प्रत्येक सर्व्हरबरोबर त्याच्या मेमरीतील सर्व काही जाते. गर्दीचा अंदाज घेऊन, शांत वेळी, एकेक सर्व्हर हाताने वाढवावा. शिवाय मेमकॅशडीची मूळ मर्यादा सर्व्हर कितीही मोठा असला तरी ६४ एमबीच असते. आपल्या इमेजमध्ये ती वाढवलेली नसेल तर चार काय आणि पाच काय, फारसा फरक पडणार नाही.

प्रश्न : बाहेरून जोडणी होत नव्हती म्हणून इमेजमध्ये रेडिसचा ‘प्रोटेक्टेड मोड’ (पासवर्ड नसताना बाहेरची जोडणी नाकारणारी सोय) बंद करून सर्व पत्त्यांवर ऐकण्याची मुभा दिली. हे चालेल का?

उत्तर : नाही, आणि ते आजच बदलावे. इमेजमधील अशी एक ओळ तिच्यावरून निघणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर जाते, आणि त्यांतील एखाद्याला सार्वजनिक पत्ता मिळाला तर पासवर्डाविना तो सर्वांना खुला होतो. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रामचा कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर सेकंदाला १.३५ टेराबिट इतका हल्ला झाला, तो असेच उघडे राहिलेले मेमकॅशडीचे सर्व्हर वापरून, त्यांच्या ११२११ या यूडीपी पोर्टमार्फत. त्यानंतर मेमकॅशडीने १.५.६ या आवृत्तीपासून यूडीपी मुळातच बंद ठेवले.

रेडिसला सर्व्हरच्या खासगी पत्त्यावरच ऐकू द्यावे आणि तो पत्ता सुरू होताना सेटिंगमध्ये भरावा. फायरवॉलच्या नियमात पत्त्यांची लांबलचक यादी देण्याऐवजी ॲप्लिकेशन सर्व्हरच्या सुरक्षा गटालाच (क्लाउडमध्ये सारखेच फायरवॉल-नियम लावलेल्या सर्व्हरच्या गटाला) परवानगी द्यावी, म्हणजे सर्व्हर बदलले तरी नियम बदलावा लागत नाही. पासवर्ड क्लाउडच्या गुपिते साठवण्याच्या सेवेतून आणावा. इमेज तयार करताना टाइप केलेल्या आज्ञांचा इतिहास आणि एसएसएचच्या चाव्याही तीत राहतात, त्या पुसाव्यात. आणि आधीच्या इमेजमध्ये पासवर्ड गेलेला असेल तर ती इमेज काढून टाकणे पुरेसे नाही, तो पासवर्डही बदलावा लागेल.