एफडी मोडण्याआधी लॅपटॉपचं झाकण उघडा

सावद्याहून एका ताईंनी विचारलं आहे. त्या घरी बसून सहा दुकानांचे हिशेब ठेवतात: कृषी केंद्रं, ठिबकचं दुकान, हार्डवेअर. महिन्याला २२,००० रुपये सुटतात. त्यांचा चार वर्षांचा लॅपटॉप परवापासून ‘नो बूट डिव्हाइस’ दाखवतोय. गावातल्या दुरुस्तीवाल्याने विंडोजचा पेनड्राइव्ह लावून पाहिला, यादीत ड्राइव्हच आली नाही, म्हणून ‘एसएसडी गेली’ (म्हणजे सगळा डेटा साठवणारी ड्राइव्हच गेली) असं सांगून टाकलं. जळगावला नवा लॅपटॉप रोखीने ५६,०००, हप्त्यावर ४,९९० प्रमाणे १२ महिने, वर १,२०० फाइल चार्ज. डेटा काढून द्यायचे एका लॅबने १८,००० सांगितले. घरात एकच एफडी, ७५,००० ची. वडील म्हणतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवाच घेऊन टाक. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, शेवटचा बॅकअप डिसेंबरचा आहे.

ताई, एफडीला अजून हात लावू नका. कारण एसएसडी गेली हे अजून ठरलेलंच नाही.

तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा अकराव्या पिढीचा प्रोसेसर आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि मला तीच ओळ महत्त्वाची वाटली. या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत ‘व्हीएमडी’ नावाची, ड्राइव्ह हाताळण्याची इंटेलची सेटिंग चालू असते. ती चालू असली की विंडोजच्या पेनड्राइव्हला इंटेलचा वेगळा ड्रायव्हर दिल्याशिवाय चांगली, धडधाकट ड्राइव्हसुद्धा दिसत नाही. म्हणजे पेनड्राइव्हच्या यादीत ती आली नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. खरी साक्ष बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्याची. लॅपटॉप सुरू करताना एफ२ दाबा (काही कंपन्यांत एफ१० किंवा डिलीट) आणि तिथे ड्राइव्हचं नाव येतं का ते बघा. नाव आलं तर दोष बहुधा विंडोजमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे, आणि तो सुधारायला हजारो रुपये लागत नाहीत. मात्र तुमच्या परवानगीशिवाय कुणालाही ‘फॉरमॅट’ दाबू देऊ नका, त्याने ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं.

नाव आलं नाही तर मागचं झाकण उघडायला सांगा. चार्जर काढून, बॅटरीची पिन सोडवून मगच. ही एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते आणि एका स्क्रूवर बसते. स्क्रू ढिला झाला किंवा सॉकेटमध्ये धूळ बसली की ती दिसेनाशी होते. काढून, पुसून पुन्हा नीट बसवली की कितीतरी वेळा काम होतं. तरीही नाहीच, तर ती यूएसबी केसिंगमध्ये (ड्राइव्ह बाहेरून जोडायच्या डबीत) घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावा. केसिंग घेताना एनव्हीएमई की साटा, या दोनपैकी कोणत्या प्रकारची आहे हे एसएसडीवरचं लेबल वाचून घ्या, चुकीचं घेतलं तर चांगली ड्राइव्हही मेलेली वाटेल. दुसऱ्या लॅपटॉपवर ती दिसली आणि बिटलॉकरने (विंडोजच्या कुलपाने) ४८ अंकी किल्ली मागितली तर घाबरू नका. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते.

यातून तीन रस्ते निघतात. लॅपटॉपमध्येच दिसली तर नवं काहीच घ्यायचं नाही. लॅपटॉप आणि केसिंग दोन्हीकडे दिसली नाही तर एसएसडी गेली. नवी एसएसडी टाका, लॅपटॉप बदलायचं कारण नाही. केसिंगमध्ये दिसली पण लॅपटॉपमध्ये नाही, तर डेटा सुखरूप आहे आणि बिघाड बहुधा मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किटवर आहे. नव्या लॅपटॉपचा विचार फक्त इथे करायचा.

एसएसडी खरंच गेली असेल, तर आता लॅबच्या १८,००० चं. तो डेटा पुन्हा उभा करायला काय लागेल? डिसेंबरचा बॅकअप हाताशी आहे. जानेवारी-फेब्रुवारीची विक्री भरलेल्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणात) आहे, खरेदी जीएसटीआर-२बी मध्ये (खरेदीच्या आपोआप बनणाऱ्या विवरणात), दोन्ही जीएसटी पोर्टलवरून मिळतात. किरकोळ विक्रीचे मात्र तिथे फक्त एकूण आकडे असतात, त्यामुळे ती बिलबुकांवरूनच चढवावी लागेल. हे बारा दिवसांचं काम धरलं, आणि महिन्याचे २६ दिवस कामाचे धरले, तर तुमच्या कमाईने ते सुमारे १०,००० रुपयांचं होतं. लॅबला १८,००० द्यायचे, तेही डेटा निघेलच अशी खात्री नसताना? मी देणार नाही. बाळाचे फोटो फक्त त्याच ड्राइव्हवर असतील तर गोष्ट वेगळी, त्याची किंमत तुम्हीच ठरवा.

घाई एकाच गोष्टीची आहे. मासिक रिटर्नवाल्या दुकानांचं मार्चचं जीएसटीआर-१ ११ एप्रिलपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरण) २० एप्रिलपर्यंत जायला हवं. ३बी चुकलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, तेही प्रत्येक दुकानामागे. भावाचा लॅपटॉप पंधरा दिवस मागून घ्या आणि त्यावर डिसेंबरचा बॅकअप चढवा.

हप्त्याचा हिशेबही सांगतो. ४,९९० गुणिले १२ म्हणजे ५९,८८०, फाइल चार्ज धरून ६१,०८०. रोखीपेक्षा ५,०८० जास्त. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते हे धरलं तर हे व्याज साडेसोळा टक्क्यांच्या आसपास पडतं. नवा लॅपटॉप घेतला तर ‘टॅक्स वाचेल’ हे दुकानदाराचं म्हणणंही तुमच्या कामाचं नाही. वर्षाचे २,६४,००० मिळतात, आणि नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत करच नाही. जीएसटी नोंदणी नसल्यामुळे लॅपटॉपवरचा १८ टक्के करही परत मिळणार नाही.

मदरबोर्डच गेला आणि नवा घ्यावाच लागला तरी एफडी मोडू नका. त्याच एफडीवर बँकेकडून कर्ज घ्या. साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज लागतं आणि ठेव तशीच चालू राहते. महिन्याला पाच हजार भरलेत तर वर्षभरात फिटेल. ती ७५,००० ची पावती म्हणजे तुमच्या घरातली साडेतीन महिन्यांची कमाई आहे. आजारपण आलं तर तीच उपयोगी पडेल.

वडिलांना सांगा, आखाजीला अजून वेळ आहे. उद्या आधी बायोस उघडा, आणि तिथे ड्राइव्हचं नाव दिसलं का ते मला कळवा.